आधी घराची पडझड, मग माणसाची: ज्येष्ठांसाठी घरदुरुस्तीची मदत म्हणजे नेमकं काय?

वाढत्या वयाच्या प्रश्नांवर बोलायचं म्हटलं की चर्चा पेन्शन, औषधं आणि विम्यावर जाते. घराचा विषय क्वचितच निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० साली जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाचं वय ६० किंवा त्याहून जास्त असेल. यातल्या बहुतेकांना शेवटपर्यंत आपल्याच घरात राहायचं असतं. पण ती घरं बांधताना डोळ्यासमोर होता धडधाकट माणूस, ज्याचे गुडघे वाकतात, ज्याला अंधुक उजेडात पायरी दिसते आणि जो स्टुलावर चढून बल्ब बदलू शकतो.

म्हणूनच अनेक देशांत सरकारं, नगरपालिका आणि सेवाभावी संस्था वयस्कर, अपंग किंवा आजारी रहिवाशांना घरदुरुस्तीसाठी मदत करतात. कुठे माणूस पाठवतात, कुठे अनुदान देतात, कुठे कमी व्याजाचं कर्ज. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात काही गंभीर असेल असं वाटत नाही. कुणाचा नळ गळतो म्हणून सार्वजनिक पैसा कशाला खर्च करायचा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही तितकंच ठोस आहे.

एका नावाखाली तीन वेगळी कामं

पहिलं काम म्हणजे साधी दुरुस्ती. नळाचा वायसर, बिजागरीतून सुटलेलं दार, हलणारी फरशी, गळकं छप्पर. जे होतं ते पुन्हा नीट करायचं.

दुसरं काम देखभालीचं. बिघाड होण्याआधीच करायची कामं: पन्हळी साफ करणं, वायरिंग तपासणं, धुराचा अलार्म असेल तर त्याचा सेल बदलणं. हे कुणाच्या डोळ्यात भरत नाही, त्यामुळे सगळ्यात आधी हेच राहून जातं.

तिसऱ्या कामाला सरकारी भाषेत 'अनुकूलन' म्हणतात. माणसाच्या बदललेल्या शरीराला जुळेल असा बदल घरात करणं, एवढाच त्याचा अर्थ. कमोडशेजारी धरायची दांडी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, उंबरठ्याच्या जागी उतार, गोल फिरवायच्या नळाऐवजी कोपरानेही ढकलता येईल असा दांड्याचा नळ. इथे घरात बिघडलेलं काहीच नसतं, तरीही ते घर त्या माणसासाठी निकामी झालेलं असतं.

मदत कुणाला द्यायची, हे नुसत्या वयावर ठरत नाही. ऐंशीव्या वर्षी स्वतः सुतारकाम करणारे लोक असतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघाताने एक बाजू गेलेलेही असतात. एकटं राहणं, कमी दिसणं, स्मृतिभ्रंश, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हातात पैसा नसणं, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की साधा बिघाडही धोकादायक होतो.

लहान बिघाड मोठा कसा होतो

किडलेल्या दाताचं जे होतं तेच इथे होतं. वेळेवर भरला तर थोडक्यात भागतं, दुर्लक्ष केलं तर दातच काढावा लागतो.

जिन्यातला दिवा गेला आहे, असं धरा. घरात तरुण माणूस असेल तर संध्याकाळपर्यंत नवा बल्ब लागतो. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईंपुढे दोनच रस्ते असतात. एक, खुर्चीवर चढायचं. दुसरा, अंधारातच जिना वापरायचा. वयाच्या साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली आकसते, भिंग पिवळसर पडतं. म्हणजे आपल्याला जो जिना 'जरा अंधारा' वाटतो, तो त्यांच्यासाठी काळोखात असतो. बाई शहाण्या असतात, त्या तिसरा रस्ता शोधतात: वर जाणंच बंद करतात. कपडे, पुस्तकं, गादी हळूहळू खाली येते आणि अर्धं घर बंद होतं. वर छपरातून पाणी झिरपत असेल तर ते कुणाला दिसतही नाही.

या आकसण्याची नोंद कुठेच होत नाही. न्हाणीघरात पाय घसरेल म्हणून अंघोळ एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. दाराची कडी लागत नाही म्हणून रात्री नीट झोप नाही. शेगडीचं बटण फिरवताना बोटं दुखतात म्हणून गरम जेवण कमी. वरवर पाहणाऱ्याला वाटतं की वयामुळे थकल्या. प्रत्यक्षात एक कडी, एक बटण आणि पायाखालची घसरडी फरशी इतकंच आड येत असतं.

पडणं ही किरकोळ गोष्ट नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि जीव जाणाऱ्यांत ६० वर्षांवरचे सर्वाधिक. जे वाचतात त्यांच्यातही खुब्याचं हाड मोडलेले कितीतरी जण पुन्हा आधीसारखे चालू शकत नाहीत.

घरात बदल केले तर पडणं खरंच कमी होतं का, की हे फक्त आपल्याला पटतं म्हणून बरोबर वाटतं? न्यूझीलंडच्या तारानाकी भागात याची नीट परीक्षा झाली. ८४२ घरं घेतली, सगळी १९८० च्या आधी बांधलेली. निम्म्या घरांत लगेच बदल केले, उरलेल्यांना ते तीन वर्षांनी मिळाले. कुणाला आधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे दोन्ही गट सारखे राहावेत. बदल अगदी साधे होते: पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात धरायच्या दांड्या, बाहेर दिवा, पायऱ्यांच्या कडा ठळक करणं, घराबाहेरच्या ओट्यावर न घसरणारा थर. ज्या घरांत हे आधी झालं, तिथे घरात पडून उपचार घ्यावे लागण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतं. निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

पुढे २०२३ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. घरातले धोके दूर केल्याने पडण्याचं प्रमाण एकूण २६ टक्क्यांनी घटलं, आणि आधीच पडलेले किंवा दैनंदिन कामांत मदत लागणारे जे लोक होते, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. ज्यांना असा धोका नव्हता त्यांच्यात फायदा दिसला नाही. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सरसकट प्रत्येक घरी दांडी बसवत सुटण्यात अर्थ नाही. ज्याला गरज आहे त्याला शोधून काढणं, हेच या सेवेचं अर्धं काम आहे.

दांडी बसवणं दिसतं तितकं सोपं नाही

कमोडवरून किंवा स्टुलावरून उठताना माणूस हाताला येईल ते धरतो. बहुतेक घरांत हाताला येतो टॉवेलचा रॉड. तो दोन लहान स्क्रूंवर टांगलेला असतो. टॉवेलचं वजन तो पेलतो, तोल गेलेल्या माणसाचं नाही. अमेरिकेच्या सुलभतेच्या मानकात धरायच्या दांडीने २५० पाउंड, म्हणजे साधारण ११३ किलो भार सहन करावा अशी अट आहे.

तेवढा भार दांडी एकटी पेलत नाही, तिच्यामागची भिंत पेलते. टाइलच्या मागे पोकळी असेल किंवा भिंत पातळ फळीची असेल, तर चकचकीत दांडीही पहिल्या झटक्यात टाइलसकट हातात येते. टाइलवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर पोकळ आवाज कळतो. स्क्रू टाइल ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसा खोल जायला हवा, आणि पोकळ भिंतीला मागून आधाराची फळी द्यावी लागते. रबराच्या कपाने चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात, पण हवा सुटली की त्या न सांगता निसटतात. संपूर्ण भार टाकायच्या जागी त्या लावू नयेत.

मग जागा. दांडी कुठे आणि किती उंचीवर, हे त्या माणसाला उठताना-बसताना पाहून ठरतं. उजवा हात अधू असेल तर उजवीकडची दांडी शोभेची. उंची मिस्त्रीच्या खांद्यावरून मोजली तर वापरणाऱ्याचा हात तिथे पोचतच नाही.

न्हाणीघरात आणखी तीन गोष्टी पाहायच्या. फरशीचा ढाळ नीट आहे का, की दारापाशी पाणी साचतं? दार बाहेरच्या बाजूला उघडतं का? आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर बाहेरून ढकलताही येत नाही, आणि पडल्यावर तासन्‌तास जमिनीवर राहणं हे कित्येकदा पडण्याइतकंच घातक ठरतं. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी. तिसरी गोष्ट गरम पाण्याची. ६० अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजू शकतं, ४९ अंशांना त्यासाठी काही मिनिटं लागतात. वयस्कर त्वचा पातळ असते, शिवाय हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. पाण्याच्या टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून आतलं पाणी खूप गरम ठेवावं लागतं. अशा वेळी नळापाशीच गार पाणी मिसळून तापमान आटोक्यात ठेवणारा व्हॉल्व्ह बसवतात.

पडण्याच्या पलीकडचे धोके

ओल आणि बुरशीने दमा व श्वसनाचे विकार वाढतात. थंड प्रदेशांत हिवाळ्यात घराच्या आतलं तापमान किमान १८ अंश असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि वयस्करांसाठी त्याहून जास्त लागू शकतं. त्यामुळे गळकं छप्पर किंवा बंद न होणारी खिडकी हा थेट आरोग्याचा प्रश्न होतो. जळण नीट पेटत नसेल आणि धूर जायची वाट तुंबली असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून त्याचा अलार्म लावायचा. विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की आपोआप बंद होणारा स्विच बसवला, तर शॉक बसताच पुरवठा क्षणार्धात बंद होतो. जुन्या घरांत तो बहुधा नसतोच.

चांगली मदत घर पाहून सुरू होते

तक्रार असते एका नळाची. अनुभवी माणूस नळ दुरुस्त करता करता बाकीचं घर पाहतो. भिंतीवर हाताच्या उंचीला मळकट पट्टा उठला असेल, तर रहिवासी तिथे आधार घेत चालतात हे समजतं. कठडा तिथेच हवा. खुर्च्यांच्या पाठी एकाच बाजूला गुळगुळीत झाल्या असतील, पलंगाजवळच्या टेबलाची कड उडाली असेल, तरी त्याचा अर्थ तोच. विचारलं तर उत्तर येतं, "माझं काही अडत नाही." भिंत खरं सांगते.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सारा झँटन यांनी आखलेल्या 'केपेबल' या कार्यक्रमात एकाच घरी तिघं जातात: परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करण्याची क्षमता परत मिळवून देणारी तज्ज्ञ व्यक्ती) आणि दुरुस्ती करणारा कारागीर. चार-पाच महिन्यांत मिळून जास्तीत जास्त दहा भेटी. सुरुवातीला रहिवाशालाच विचारतात, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" कुणाला स्वतःच्या हाताने अंघोळ करायची असते, कुणाला जिना उतरून बाहेर जायचं असतं. कामांची यादी त्या उत्तरावरून बनते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच महिन्यांनंतर रोजच्या कामांतल्या अडचणी तुलनेच्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी कमी होत्या.

जपानने हे थेट विम्यातच आणलं. तिथे २००० साली सुरू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात घरातले बदल समाविष्ट आहेत: कठडे, जमिनीतले उंचसखल काढणं, न घसरणारी फरशी, सरकती दारं, बसका संडास बदलून कमोड. कामाची मर्यादा दोन लाख येन, त्यातला काही वाटा रहिवाशाने भरायचा. काम सुरू करण्याआधी अर्ज करावा लागतो आणि हा बदल या व्यक्तीला का हवा, याचं लेखी कारण सहसा शुश्रूषा व्यवस्थापक देतो. कागद वाढतो हे खरं, पण त्या एका कागदामुळे कामाचा संबंध माणसाच्या गरजेशी जोडलेला राहतो.

"मुलं आहेत ना, ती बघतील"

पुष्कळ मुलं बघतातही. पण काहींना मुलंच नसतात, काहींची दूर असतात आणि काहींची स्वतःच साठी ओलांडलेली असतात. शिवाय मुलगा कितीही प्रेमळ असला तरी पोकळ भिंत ओळखणं हे त्याचं काम नव्हे. आणि आईवडील मुलांना सांगतच नाहीत. सांगितलं तर "आता आमच्याकडे चला" हे ऐकावं लागेल, ही भीती असते. त्रयस्थ कारागिराला तीच बाई निर्धास्तपणे सांगते की गेल्या महिन्यात मी इथेच पडले होते.

"मग सोयीच्या जागीच का हलवू नये?"

काही वेळा तेच योग्य असतं. घर मोडकळीला आलं असेल किंवा शुश्रूषा चोवीस तास लागत असेल, तर दांड्या बसवून भागत नाही. पण ओळखीच्या घरात अंधारातही पाय बरोबर पडतात, शेजारी हाक ऐकतात, औषधाचा डबा हाताला लागतो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला नव्या जागेत यातलं काहीच उरत नाही. आणि हलायचं म्हटलं तरी जागा मिळेपर्यंत माणूस त्याच घरात असतो. रुग्णालयातून बरा झालेला पेशंट केवळ घरी जिना चढता येत नाही म्हणून खाटेवर थांबून राहतो, तेव्हा त्या एका दिवसाच्या खर्चात कठडा सहज बसला असता.

"फुकट दिलं तर फायदा वारसांनाच"

हा आक्षेप धोरण ठरवणाऱ्यांनीही घेतलेला आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागासाठीच्या एका जुन्या सरकारी योजनेत अत्यल्प उत्पन्नाच्या, ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या घरमालकांना आरोग्य व सुरक्षिततेचे धोके काढण्यापुरतं अनुदान मिळतं, आणि तीन वर्षांच्या आत घर विकलं तर ते परत करावं लागतं. ज्यांना फेडणं शक्य आहे त्यांना एक टक्का व्याजाने वीस वर्षांचं कर्ज. नियम असे करता येतात. माझ्या मते लहान कामांना मात्र असली चाळणी लावूच नये. एका कठड्यासाठी उत्पन्नाचे दाखले तपासण्यात कठड्याहून जास्त पैसा जातो, आणि तोवर माणूस पडतो.

"घर भाड्याचं असेल तर?"

दुरुस्तीची जबाबदारी सहसा मालकाची, बदलासाठी त्याची लेखी परवानगी लागते. भिंतीला भोक पडेल या भीतीने मालक अडतात. सोडून जाताना भिंत पूर्ववत करून देऊ, हे लेखी दिलं की बरेचदा तयार होतात. नाहीच झाले तर भिंत न फोडता जमणारं बरंच काही आहे: कमोडवर ठेवायची उंच बैठक, अंघोळीची खुर्ची, हालचालीने लागणारा दिवा.

"अनोळखी माणसाला घरात कसं घ्यायचं?"

ही शंका मी सगळ्यात गांभीर्याने घेतो, कारण घरदुरुस्तीच्या नावाखाली फसवले जाणारे बहुतेकदा वयस्कर आणि एकटे असतात. पद्धत जगभर तीच. न बोलावता कुणीतरी दार वाजवतो, "तुमच्या छपराचा तुकडा सैल झालाय, आत्ताच केलं नाही तर पाणी आत येईल" असं सांगतो, रोख आगाऊ मागतो. वर काय आहे ते घरमालकाला दिसत नाही, भीती मात्र बसते. न बोलावता आलेल्याला काम देऊच नये. अंदाजपत्रक लेखी घ्यावं, दुसऱ्याकडूनही एक घ्यावं, उरलेली मोठी रक्कम काम पाहूनच द्यावी. विचार करायला एक दिवस मागितल्यावर जो चिडतो, त्याला दारातूनच परत पाठवावं. चांगली सेवा कारागिराची पार्श्वभूमी तपासते, ओळखपत्र देते, येण्याची वेळ आधी फोनवर कळवते, आणि खातरजमा करण्यासाठी रहिवाशाला वेगळा क्रमांक देते.

"पण त्यांनाच नको असतं"

असं होतं, आणि यावर जबरदस्ती हे उत्तर नाही. न्हाणीघरात पांढरी दांडी लागली की घर रुग्णालयासारखं दिसतं, ही खंत खरी असते. लाकडी किंवा भिंतीला शोभेलशी दांडी मिळते, ती दाखवावी. मात्र कमी दिसणाऱ्यांसाठी किंवा स्मृतिभ्रंश असेल तर रंग उठून दिसणाराच हवा, पांढऱ्या टाइलवर पांढरी दांडी त्यांना सापडत नाही.

सगळ्यात अवघड असतात ती सामानाने खच्चून भरलेली घरं. चालायला वाट नाही, शेगडीशेजारी कागदांचे ढीग. नातेवाइक एका दिवसात गाडी भरून सगळं बाहेर काढतात, कधी रहिवासी रुग्णालयात असताना. परत आल्यावर तो माणूस कोसळतो, आणि ढीग काही महिन्यांत पुन्हा उभे राहतात. वस्तू साठवत राहणं हा कित्येकदा आजार असतो, त्याला उपचार लागतात. दुरुस्ती करणाऱ्याने एवढंच ठरवून घ्यावं: पलंगापासून संडासापर्यंतची आणि दारापर्यंतची वाट मोकळी, शेगडीभोवती काही नाही. ढीग हलवायचे ते रहिवाशाला विचारून, त्याच्या देखत.

आणि काम झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एक फेरी मारावी. दांडीवर टॉवेल वाळत घातलेला दिसला, तर ती वापरात नाही, चुकीच्या जागी लागली आहे. मग त्यांना पुन्हा एकदा उठून दाखवायला सांगायचं, हात आपोआप कुठे जातो ते पाहायचं, आणि तिथे खूण करून ती हलवायची.